आधी आवाज, मग भाकरी

१९२४ साली लेनिनग्राडला पूर आला. शास्त्रज्ञ पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेतली कुत्री बुडता बुडता वाचली. पुढे दाराखालून पाण्याची नुसती धार आत सोडली, तरी त्यांतली काही कुत्री शिकलेले सारे विसरत. भीती हा हट्ट नव्हे. ती अंगात मुरलेली आठवण असते.

चिंचोळी एमआयडीसीत आमच्या कारखान्याच्या फाटकावर मोत्या आहे. दिवाळीच्या फटाक्यांनी तो असा धसकला, की ट्रकचा हॉर्न वाजताच शेपूट पोटाशी घेऊन पत्र्याखाली दडे. रखवालदारमामा म्हणाले, "राखणीला उपयोग नाही, रानात सोडून येतो."

सोलापूरहून एक प्रशिक्षक आले. त्यांनी मोत्याला ओढले नाही, दटावले नाही. लांबवर बसून मोबाइलवर हॉर्न अगदी हळू वाजवायचा, लगेच भाकरीचा तुकडा टाकायचा. आधी आवाज, मग भाकरी; क्रम मोडायचा नाही. खाणे थांबले, की आवाज कमी करायचा. खरी शिकवणी मामांचीच होती. रोज दहा मिनिटे त्यांनी ती नेमाने चालवली. दोन महिन्यांनी मोत्या आपणहून फाटकाशी आला. मामांनी रानाचे नाव पुन्हा काढले नाही.

भ्यालेल्याला "भिऊ नकोस" म्हणणे सोपे असते. त्याच्या पावलाने चालणे अवघड, पण धीर येतो तो त्यानेच.