गुठळी विरघळते, वेळ मात्र उरायला हवा



हृदयविकाराचा झटका येतो तेव्हा नेमकं काय घडतं? हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत वर्षानुवर्षं साचलेला चरबीचा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. पुढचा स्नायू रक्तावाचून मरू लागतो. ही गुठळी विरघळवणारं औषध आज आपल्या देशात तयार होतं. ते सापडलं कसं, आणि सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला त्याचा लाभ मिळायचा तर काय करायला हवं, हे मला आज सांगायचं आहे.

गोष्ट १९३३ सालची. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. विल्यम टिलेट स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचा अभ्यास करत होते. आपला घसा सुजवणारे, पू करणारे हे जंतू. रक्त गोठायला लागणारं फायब्रिनोजेन हे द्रव्य ते स्वतःला चिकटवून घेतात, असा टिलेट यांचा कयास होता. तसं असेल, तर जंतू मिसळलेला रक्तद्रव गोठायला नको. त्यांनी नळ्या मांडल्या. रक्तद्रव गोठला. कयास चुकला होता. पण काही वेळानं त्यांनी त्याच नळ्या पुन्हा पाहिल्या, तेव्हा जंतू घातलेल्या नळ्यांतली गुठळी विरघळून पाणी झाली होती! या निरीक्षणातून जे द्रव्य हाती आलं, त्याला पुढे स्ट्रेप्टोकायनेज हे नाव मिळालं.

ते काम कसं करतं, याचा उलगडा १९४०च्या दशकात झाला. गुठळी कापणारं विकर आपल्याच रक्तात, प्लाझ्मिनोजेनच्या रूपात, झोपलेल्या पहारेकऱ्यासारखं असतं. स्ट्रेप्टोकायनेज त्याला जागं करतं. त्याचं प्लाझ्मिन होतं आणि ते गुठळीचे धागे तोडतं.

१९४०च्या दशकाच्या अखेरीस टिलेट आणि डॉ. सोल शेरी यांनी हे औषध प्रथम छातीच्या पोकळीत साकळलेलं रक्त आणि घट्ट झालेला पू पातळ करायला वापरलं. १९५८मध्ये शेरी आणि फ्लेचर यांनी हृदयविकाराच्या रुग्णांवरचे अनुभव प्रसिद्ध केले. सुरुवातीचं औषध पुरेसं शुद्ध नव्हतं. रुग्णांना ताप यायचा, रक्तदाब उतरायचा. त्यातच गुठळीमुळे झटका येतो की झटक्यानंतर गुठळी होते, यावर डॉक्टरांचं एकमत नव्हतं. १९८०मध्ये डीवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झटका आल्यावर पहिल्या काही तासांतच रुग्णांची अँजिओग्राफी केली. बहुतेकांची रोहिणी पूर्ण बंद आढळली आणि वाद मिटत गेला.

मग १९८६मध्ये इटलीतल्या ११ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीचा निष्कर्ष आला. स्ट्रेप्टोकायनेज दिलेल्यांमध्ये मृत्यू सुमारे १८ टक्क्यांनी कमी झाले. ज्यांना पहिल्या तासाभरात औषध मिळालं, त्यांच्यात ते जवळजवळ निम्म्यावर आले. १९८८च्या आणखी मोठ्या चाचणीत १७,१८७ रुग्ण होते. स्ट्रेप्टोकायनेजच्या जोडीला साधी ॲस्पिरिन दिली, तर फायदा आणखी वाढतो, हे तिनं दाखवलं.

भारतानंही यात आपला वाटा उचलला. चंदीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत डॉ. गिरीश साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशी स्ट्रेप्टोकायनेजचं तंत्र विकसित केलं. पुण्याची जेनोव्हा कंपनी टेनेक्टेप्लेज हे पुढच्या पिढीचं औषध बनवते. ते शिरेतून एकाच इंजेक्शनात देता येतं, हा त्याचा मोठा गुण.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. बंद रोहिणी फुग्यानं उघडण्याची अँजिओप्लास्टी वेळेत होत असेल, तर ती अधिक चांगली, यात शंका नाही. पण करमाळा किंवा अकलूजच्या रुग्णाला सोलापूर शंभरावर किलोमीटर दूर आहे. वाटेत दोन-अडीच तास सहज जातात. अशा रुग्णासाठी जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढून दिलेलं गुठळी विरघळवणारं इंजेक्शन म्हणजे जीवदान. मात्र ते डॉक्टरांनीच, तपासून द्यायचं. मेंदूत पूर्वी रक्तस्राव झाला असेल, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, तर ते घातक ठरू शकतं. म्हणून जुन्या आजारांची माहिती डॉक्टरांपासून लपवू नका.

आणि सगळ्यात जास्त वेळ जातो तो घरात. “पित्त झालंय”, “गॅस धरलाय”, “सकाळी बघू” असं म्हणत आपण सोडा पितो, ओवा चघळतो. एवढी मोठी माणसं अर्धं शतक झटली, ती हे तास वाचावेत म्हणून. ते आपण उंबऱ्याच्या आत घालवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

तेव्हा श्रोतेहो, छातीवर दडपण आलं, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, दरदरून घाम फुटला, तर थांबू नका. मधुमेहींना आणि बायकांना कधी नुसती धाप किंवा थकवा जाणवतो, तेही अंगावर काढू नका. लगेच १०८ला फोन करा. आणि आपल्या गावाजवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात रात्री ईसीजी निघतो का, हे इंजेक्शन तिथं ठेवलेलं असतं का, हे उद्याच जाऊन विचारा. नसेल, तर ग्रामसभेत उभं राहून त्याची मागणी करा.