‘गणित नको’ म्हणण्याआधी



दहावीचा निकाल लागला की आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, “पोरीला गणित जमत नाही, आर्ट्सला घालू.” आर्ट्स वाईट नाही. पण ती आवडीनं चाललीय की गणिताला घाबरून, हे आपण विचारतो का?

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी यंदा दहावीला आहे. घरातला पंखा बिघडला की तीच उघडून बसते. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन व्हायचं तिच्या मनात होतं. पण नववीत तिला फळ्यापुढं उभं करून “तुझ्या डोक्यात नाही शिरायचं” असं म्हटलं गेलं. तेव्हापासून गणिताची वही मिटली. इलेक्ट्रिशियनच्या कोर्सला दहावी गणित-विज्ञान घेऊन पास व्हावं लागतं. मग ती म्हणायला लागली, “मला नाहीच करायचं तसलं काम.” मन उडालं होतं गणितावरून, राग निघाला कामावर.

पॉलिटेक्निकच्या डिप्लोमालाही गणित लागतंच. नर्सिंगला जायचं म्हटलं, तरी ५०० मिली सलाईन ४ तासांत द्यायचं तर तासाला १२५ मिली, हा हिशोब चुकून चालत नाही.

आणि आपण काय करतो? “मलाही गणित कुठं येत होतं!” म्हणून हसतो. त्याच संध्याकाळी गटाची वही उघडतो. १०,००० रुपये कर्ज, महिना २ टक्क्यांनी व्याज २००. हजार मुद्दल फेडलं की पुढच्या महिन्याचं व्याज १८०. हे तोंडी सांगतो आपण. मग हे गणित नाही तर काय?

त्या ताईंनी लेकीला बैठकीला आणलं, वही तिच्या हातात दिली. तिनं आमची ८० रुपयांची चूक काढली! आम्ही हसलो, तीही हसली. मग विचारलं, नेमकं अडतं कुठं? बीजगणित फार पुढचं, अडत होतं पाचवी-सहावीच्या अपूर्णांकांपाशी. आता रोज अर्धा तास मायलेकी भाकरीचे चार भाग, आठ भाग करत बसतात.

मार्क किती पडतील, ते निकाल सांगेल. पण “मला ते काम करायचंय” हे ती पुन्हा बोलायला लागलीय.

मैत्रिणींनो, आज घरी मुलांना दोन गोष्टी विचारा. तुला काय व्हायचंय? आणि गणितात कुठं अडतं? दोन्ही उत्तरं ऐकल्याशिवाय फॉर्म भरू नका.