अध्यक्षीय भाषण : ‘यंत्र बदला’ म्हणण्याआधी



अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे, ती थोडक्यात पाळतो. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाची पाचवी पिढी बाजारात रुळली आहे, कोडी हा मीडिया प्लेयर आणि तो चालवणारी लिब्रेइलेक ही प्रणाली यांच्या नव्या आवृत्त्या येत आहेत, आणि आपल्याला कामाची वाण नाही. आता मनात बरीच वर्षं साठून राहिलेलं बोलतो.

‘यंत्र बदला’ हे आपल्या तंत्रज्ञांच्या धंद्यातलं सर्वांत आळशी उत्तर आहे. व्हिडिओ अडखळला, मेनू सावकाश सरकला, की आपण पाच मिनिटांत हा निकाल देतो आणि माणसाला नव्या खर्चात पाडतो. ज्या कोडीला आज आपण जड म्हणतो, त्याचा जन्म २००२ साली पहिल्या एक्सबॉक्सवर झाला. त्या कन्सोलमध्ये ७३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर होता आणि चित्रांसकट सगळ्या कामाला मिळून ६४ एमबी मेमरी. तेवढ्यावर लोक दिवाणखान्यात सिनेमे पाहत होते.

अडखळत्या व्हिडिओवर उपाय काय, यावर सकाळच्या सत्रात दोन पक्ष पडले. एकाचं म्हणणं, प्रोसेसरचा वेग वाढवा. दुसऱ्याचं, हलकी स्किन, म्हणजे मेनूचं साधं रूप, लावा. दोन्ही बाजूंना मी साताऱ्याकडच्या एका घरातली हकिगत सांगतो.

त्या घरात पहिल्या पिढीचा रास्पबेरी पाय होता, ७०० मेगाहर्ट्झचा. फुल एचडी सिनेमा त्यावर सुरळीत चाले, पण मुलाच्या लग्नाची साधी डीव्हीडी मात्र अडखळे. घरच्या काकूंना एका दुकानदाराने सांगितलं होतं, ‘मशीन जुनं झालं, टाकून द्या.’ जे मशीन मोठा सिनेमा पेलतं, त्याला लहान चित्रफीत का पेलू नये, हा काकूंचा प्रश्न अगदी रास्त होता, आणि तो त्या दुकानदाराला पडायला हवा होता.

सिनेमा होता एच.२६४ या फॉरमॅटमध्ये. तो उलगडण्याचं, म्हणजे डीकोड करण्याचं, काम चिपमधला खास भाग करतो, प्रोसेसर जवळपास मोकळा राहतो. डीव्हीडी असते एमपेग-२ मध्ये. तो उलगडणारा भागही त्याच चिपमध्ये होता, पण कुलूपबंद. त्याचा परवाना वेगळा विकत घ्यावा लागे, आणि तो त्या एका यंत्राच्या अनुक्रमांकापुरताच मिळे. तोपर्यंत सगळा भार बिचाऱ्या प्रोसेसरवर. आम्ही किरकोळ पैशांत परवाना घेतला, त्याची ओळ कॉन्फिग फाइलमध्ये लिहिली, आणि वरात न अडखळता पुढे सरकली. वेग वाढवला नाही, स्किन बदलली नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे : यंत्रात ताकद किती, हा प्रश्न नंतरचा. काम कोणाच्या अंगावर पडतंय, हा पहिला. नवं यंत्र घेतल्याने हा प्रश्न सुटत नाही. २०१९ च्या पाय ४ मध्ये एच.२६४ उलगडणारा भाग होता. २०२३ च्या पाय ५ मधून तो काढून टाकला, तिथे ते काम प्रोसेसरच करतो. त्याला ते झेपतं, ही गोष्ट वेगळी. पण ‘नवं घ्या, सगळं हार्डवेअरवर चालेल’ असं सांगणाऱ्याने चिपची माहिती वाचलेली नसते.

मेनूचा संथपणा हा आणखी निराळाच आजार. तिथे दोष असतो मोठाल्या पार्श्वचित्रांचा, गरज नसलेल्या ॲड-ऑन्सचा आणि स्वस्तातल्या मेमरी कार्डाचा. हलकी स्किन तिथे उपयोगी पडेल. अडखळत्या व्हिडिओला तिचा काडीचा उपयोग नाही. आणि सेकंदाला २५ चित्रांचा व्हिडिओ ६० हर्ट्झच्या पडद्यावर धक्के खाणारच, प्रोसेसर कितीही दांडगा असो. त्यासाठी कोडीच्या सेटिंगमध्ये पडद्याचा रिफ्रेश रेट व्हिडिओप्रमाणे बदलण्याची सोय आहे. ती चालू केलेली मला फार थोड्या घरांत दिसते, याचं वाईट वाटतं.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आपल्यातल्या तरुणांशीही माझं भांडण आहे. तुमच्या टेबलावरच्या दणकट संगणकावर ॲड-ऑन सुरेख चालतो. पण तो गावातल्या शाळेच्या जुन्या पायवर चालवून पाहिल्याशिवाय पूर्ण झाला, असं म्हणू नका. तिथली मुलं तुमची गिऱ्हाइकं नाहीत का?

कोणती चिप कोणता फॉरमॅट स्वतः उलगडते, याचा मराठी तक्ता आपण तयार करावा, अशी माझी इच्छा आहे. जुनी यंत्रं जमा करून चाचणीसाठी एक खोली असावी, असंही वाटतं. कार्यकारिणीने यावर विचार करावा.

तोवर एवढं करा. व्हिडिओ चालू असताना कीबोर्डवरचं ‘ओ’ दाबा. डीकोडर हार्डवेअरवर आहे की सॉफ्टवेअरवर, हे कोडी स्वतःच पडद्यावर दाखवतो. ते गिऱ्हाइकालाही दाखवा. आणि यंत्र बदला असं सांगणं खरोखरच भाग पडलं, तर कोणता फॉरमॅट त्या चिपला झेपत नाही, ते बिलावर लिहून द्या.