मनोरा, मुले आणि मर्यादा

पालकहो, जयपूरच्या राजा पार्कसारख्या दाट वस्तीत शेजारच्या गच्चीवर मोबाइलचा मनोरा उभा राहिला की मन धास्तावते. ही धास्ती न्यायालयापर्यंत पोहोचली. नोव्हेंबर 2012 मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये व क्रीडांगणे यांवरील मनोरे हटविण्याचा आदेश दिला. त्याआधीच, 1 सप्टेंबरपासून, केंद्र शासनाने लहरींची मर्यादा एकदशांशावर आणली होती; 900 मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरमागे 4.5 वॅटऐवजी 0.45 वॅट.

मनोऱ्याचा मुख्य झोत आडवा जातो. त्यामुळे ऐन पायथ्यापेक्षा समोरच्या, त्याच उंचीच्या खिडकीची चौकशी अधिक महत्त्वाची. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाई होते. आणि कानाला चिकटलेला फोन? तिथे अंतरच नसते, हे मात्र सहसा कुणी बोलत नाही.