दुभंगलेले टाळू आणि वर्गातील वाचन

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांपुढे शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



विषय वैद्यकाचा असता शिक्षण खात्यातील माणसाने त्यावर का बोलावे, अशी शंका आपणांस येईल. ती रास्त आहे. परंतु जन्मतः ओठ वा टाळू दुभंगलेले मूल डॉक्टरांपुढे क्वचित येते. आपणांपुढे ते रोज बसते.

सुमारे सातशे जन्मांमागे एका बालकात हे व्यंग आढळते. गर्भाचा चेहरा निरनिराळ्या भागांतून घडतो. हे भाग दोहों बाजूंनी वाढत येतात आणि करंजीच्या कडा जुळाव्यात तसे एकमेकांस सांधले जातात. ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात सांधतो, टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात. सांधा अपुरा राहिला की फट राहते.

गरोदर बाईने ग्रहणात विळी हाती घेतली म्हणून मुलाचा ओठ फाटला, ही समजूत अद्याप ऐकू येते. दोष पुष्कळदा पाचव्या-सहाव्या महिन्यातील ग्रहणास दिला जातो. तोवर ओठ घडून महिने लोटलेले असतात. शिवाय ग्रहण साऱ्या तालुक्यावरून जाते, व्यंग एकाच घरी उमटते. या समजुतीपायी जन्मभर बोल लावला जातो तो आईस, म्हणून पालकसभेत हे स्पष्ट सांगावे.

खरे कारण एकच नाही. काही अंश आनुवंशिक असतो. घराण्यात उतरणाऱ्या एका प्रकारास कारण होणारे आयआरएफ-६ हे जनुक संशोधकांनी २००२ साली ओळखले. मातेचे धूम्रपान, गर्भधारणेपूर्वीपासूनचा मधुमेह आणि फेपऱ्यावरील काही औषधे यांनीही धोका वाढतो. (औषध मात्र कोणी आपल्या मनाने बंद करू नये.) पुष्कळ मुलांत नेमके कारण सांगता येत नाही, आणि आईची चूक शोधण्यात तर काहीच अर्थ नाही.

ओठाची शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात व टाळूची नवव्या ते अठराव्या महिन्यात करतात. वेळ टळली तरी उपाय टळत नाही. मोठ्या मुलांवरही शस्त्रक्रिया होते. चेहऱ्यावर शस्त्र म्हणताच पालक बिचकतात. त्यांना सांगण्याजोगी एक गोष्ट आपल्याच जिल्ह्यातील आहे. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानास पुण्याजवळ एका वीटकराने कपाळाच्या कातडीचे नवे नाक बसविले. ती हकीकत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि तिच्यावरून विलायतेतील शल्यवैद्य शिकले.

आता आपल्या कामाचा भाग. फाटलेला ओठ कोणासही दिसतो. टाळूची फट दिसत नाही, ऐकू येते. कधी तर वरची त्वचा सलग असते आणि आतील स्नायू तेवढे जुळलेले नसतात. ङ, ञ, ण, न, म एवढेच वर्ण हवा नाकावाटे सोडून उच्चारावयाचे, हे आपण मुलांस शिकवितोच. इतर व्यंजनांच्या वेळी मऊ टाळू उचलून नाकाची वाट बंद करते. ती बंद होत नसेल तर ‘बाबा’चा ‘मामा’ होतो. पडशाने नाक चोंदलेल्या मुलाचे नेमके उलट होते. त्याचा ‘मामा’ ‘बाबा’सारखा ऐकू येतो. हा भेद कानाने ओळखण्यात शिक्षकाइतका तयार कोण आहे?

संशय आल्यास मुलास एकीकडे घेऊन नाकाखाली लहान आरसा धरावा व ‘काका, पाटी द्या’ असे म्हणावयास सांगावे. बोलत असतानाच आरसा धुरकटला तर हवा नाकातून निसटते आहे. शब्द संपताच आरसा काढावा, नाहीतर श्वासानेही तो धुरकटतो. हे निदान नव्हे. डॉक्टरांकडे पाठविण्यास पुरेसे कारण मात्र आहे.

याच मुलांच्या कानाच्या पडद्यामागे वारंवार पाणी साठते, कारण कानाची नळी उघडणारे स्नायू टाळूतलेच असतात. मग मूल कमी ऐकते आणि आपण ‘लक्ष नाही’ असा शेरा मारतो. त्यास पुढे बसवावे, प्रकट वाचनाची पाळी चुकवू नये, पण हसणाऱ्यांस तत्काळ थांबवावे. ‘गेंगाण्या’ हे नाव एकदा चिकटले की ते मूल कविता म्हणावयास उभे राहत नाही, आणि पुढे शाळेतही येत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या राज्यातच, पालघर येथे, सुरू झाला. त्याचे वैद्यकीय पथक शाळेत वर्षातून एकदा व अंगणवाडीत दोनदा तपासणी करते. हे व्यंग त्याच्या यादीत आहे आणि उपचार विनामूल्य होतात. अडचण हजेरीची आहे. आहुपे खोऱ्यातील वा डिंभ्याच्या पाण्यापलीकडील वाड्यांतील आईबाप मजुरीसाठी नारायणगावकडे उतरतात, मूल बरोबर जाते आणि पथक येते तेव्हा ते पटावर असूनही वर्गात नसते. म्हणून त्या दिवशीच्या गैरहजर मुलांची नावे व आपणांस आलेला संशय कागदावर लिहून पथकाच्या डॉक्टरांस द्यावा, आणि ती मुले कोणत्या दिवशी कोठे आणावयाची, हे ते जाण्यापूर्वीच विचारून घ्यावे.