वनवासी विधवेचा वारसाहक्क



ज्या शेतात हयात गेली, त्या शेताची ती धनीण की केवळ आश्रित, हा प्रश्न पतीच्या निधनानंतर विधवेपुढे उभा राहतो. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ ने विधवा, पुत्र व कन्या यांना एकाच वर्गातील वारस मानले. २००५ च्या दुरुस्तीने कन्येला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क दिला. मात्र कलम २(२) नुसार, केंद्र शासनाने अधिसूचना काढल्याखेरीज हा कायदा अनुसूचित जनजातींना लागू होत नाही. तेथे रूढी हाच कायदा.

या रूढीमागे जमीन कुळाबाहेर जाऊ नये, ही चिंता आहे आणि ती निराधार नाही. परंतु तिचा भार वाहिला तो स्त्रीने. छोटानागपूरच्या ‘हो’ समाजातील स्त्रियांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९६ मध्ये बहुमताने रूढी रद्दबातल ठरवली नाही. पुरुष वारसांवर अवलंबून असलेल्या स्त्रियांचा त्या जमिनीवरील उपजीविकेचा हक्क तेवढा राखला.

पुढचे पाऊल जुलै २०२५ मध्ये पडले. छत्तीसगडमधील एका गोंड स्त्रीच्या वारसांनी तिच्या पित्याच्या मिळकतीत हिस्सा मागितला होता. स्त्रीला वारसा देणारी रूढी सिद्ध झाली नाही, म्हणून खालच्या न्यायालयांनी दावा फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने प्रश्नच उलटा केला : वारसा नाकारणारी रूढी कोणी सिद्ध केली? ती सिद्ध झाली नव्हती. म्हणून समतेच्या व न्यायबुद्धीच्या आधारे समान हिस्सा मिळाला. तथापि १९५६ चा कायदा अधिसूचनेवाचून जनजातींना लावता येणार नाही, हेही त्याच न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे जेथे प्रतिकूल रूढी सिद्ध होईल, तेथे विधवेची वाट आजही बिकटच आहे.

जमीन परक्या हाती जाण्याच्या भयाला उत्तर आहे. वनवासींची जमीन इतरांकडे हस्तांतरित करण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत निर्बंध आहेत. वारस स्त्री असली म्हणून ते सैल होत नाहीत. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर पती-पत्नी दोघांच्या नावे नोंद बंधनकारक केली. तो हक्क वारशाने मिळतो, विकता मात्र येत नाही. जमीन आणि स्त्री या दोघींचेही रक्षण एकत्र होऊ शकते, याचा हा वस्तुपाठ होय.

रूढी समाजाने घडवली; ती समाजच सुधारू शकतो. गावातील जाणत्यांनी पुढाकार घेऊन विधवेचे आणि तिच्या लेकरांचे नाव वेळीच सातबाऱ्यावर चढवले, तर तिला न्यायालयाची पायरी चढावी लागणार नाही.