‘ड’ जीवनसत्त्व आणि अहवालातील आकडा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आरोग्यावर चार शब्द बोलावेत अशी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही मुद्दाम घरोघरचा विषय निवडला. रक्ताच्या अहवालात ‘ड’ जीवनसत्त्वापुढे ‘कमी’ असा शेरा दिसतो, घरात काळजी पसरते, कोणी परिचित औषधाची पुडी सुचवितो. आणि ती पुडी पुढे वर्षानुवर्षे सुटत नाही. या सवयीबद्दलच आमचे निवेदन आहे.

अन्नातील कॅल्शियम शरीरात शोषले जावे म्हणून हे जीवनसत्त्व लागते. ते फार कमी पडल्यास मुलांना मुडदूस होतो, प्रौढांची हाडे मऊ पडतात. सूर्यकिरण कातडीवर पडले की शरीर ते स्वतःच तयार करते. सकाळचे कोवळे ऊन सुखद खरे. परंतु त्यात लागणारे अतिनील किरण थोडे असतात. माध्यान्हीच्या सुमारास ते अधिक असतात, आणि खिडकीच्या काचेतून मात्र ते जवळजवळ येतच नाहीत. शाकाहारी अन्नातही हे जीवनसत्त्व अत्यल्प असते. तेव्हा दिवस घरात किंवा कचेरीत घालविणाऱ्यांत उणीव आढळली, तर नवल नाही.

आता आकड्याकडे वळू. आपल्याकडील अहवाल बहुधा एका मिलिलिटरमागे इतके नॅनोग्रॅम असे माप देतो. विलायतेत एका लिटरमागे नॅनोमोल मोजतात. येथील २० म्हणजे तेथील ५०. परदेशी असलेल्या मुलाचा आकडा आपल्या आकड्याशी ताडून पाहताना हे ध्यानी असावे.

किती असावे, याविषयी तज्ज्ञांतही मतभेद झाले. २०११ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने बहुतेकांच्या हाडांसाठी २० पुरेसे मानले. त्याच वर्षी तेथील एंडोक्राइन सोसायटीने ३० ची मर्यादा सांगितली. २०२४ साली मात्र याच सोसायटीने ३० चा आग्रह सोडला, आणि निरोगी प्रौढांनी ही तपासणी सरसकट करू नये असे सुचविले. म्हणून २४ आकड्यापुढे ‘कमी’ असे छापलेले दिसले, तर तो रोग नव्हे. ८ आला, तर मात्र हयगय करू नये. हा आकडा म्हणजे परीक्षेचे गुण नव्हेत. अधिक म्हणजे उत्तम, असा हिशेब येथे चालत नाही.

औषधाचे गणितही पाहा. प्रौढाची रोजची गरज साधारण ६०० एककांची, आणि नेहमीच्या पुडीत असतात ६०,००० एकके. म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांची शिदोरी! उणीव भरून काढण्यासाठी डॉक्टर आठवड्याला एक याप्रमाणे काही आठवडेच ती देतात. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, लघवीवाटे सहज निघून जात नाही. अतिरेक झाला की रक्तातील कॅल्शियम वाढते. मळमळ, तहान, बद्धकोष्ठ उद्भवतात, आणि मूत्रपिंडास इजा पोहोचते. वडीलधाऱ्यांच्या बाबतीत ही लक्षणे वार्धक्यावर ढकलली जातात, हाच खरा धोका.

तात्पर्य, पुडी सुरू करताना ती केव्हा थांबवावयाची हेही डॉक्टरांना विचारून लिहून ठेवावे. मुतखडा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास तो आधी सांगावा. आणि एकाची पुडी दुसऱ्याने घेऊ नये. आज घरी परतल्यावर वडिलांच्या औषधांचा डबा एकवार उघडून पाहावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.